इतांगचा नकार

तेरियो पहिल्यांदा इलारियोच्या अंगणात आला तो खांद्यावर लाकडांची मोळी घेऊन. तोंडातून शब्द काढला नाही. मोळी खांबांवर उभ्या घराच्या शिडीपाशी उतरवली, पाण्याचे रिकामे बांबूचे नळे उचलले आणि तळ्याच्या वाटेला लागला. बटांगास मुलखात याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. घरात लग्नाची पोर आहे आणि पोरगा तिच्यासाठी चाकरीला उभा राहिला आहे. बापाला पसंत असेल तर त्याने राबवून घ्यावं, नसेल तर आठ दिवसांत गोड बोलून वाटेला लावावं. ती जबाबदारी बापाची. पोरीने पोराशी एकांतात बोलायचं नाही, ना हो म्हणून, ना नाही म्हणून.

इलारियो शिडीच्या वरच्या पायरीवर विडा चघळत बसला होता. अठराशे ब्याऐंशीच्या पटकीत त्याचे दोन्ही मुलगे चार दिवसांच्या अंतराने गेले होते. त्यानंतरच्या वर्षी तो माडावरून पडला आणि कंबर कायमची गेली. शेत होतं, कॉफीची साठ झाडं होती, रेडा होता, आणि नांगराला हात लावायला कुणी नव्हतं. असा माणूस अंगणात मोळी टाकणाऱ्या तरुण पोराकडे कुठल्या नजरेने बघेल? तेरियोचे खांदे रुंद होते. तो तळ्यापलीकडच्या काठावरच्या बाल्बिना नावाच्या विधवेचा एकुलता एक मुलगा. मायलेक मासे धरून पोट भरायची. पोरगा दारू पीत नव्हता, कोंबड्यांच्या झुंजीला जात नव्हता. इलारियोला तो बघताक्षणी आवडला. मुलीसाठी आवडला की शेतासाठी, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही.

तिसऱ्या आठवड्यात इलारियोची मुलगी इतांग त्याच्यापाशी येऊन बसली. पाळण्यातलं नाव बेनिता, पण सगळी वाडी तिला इतांगच म्हणायची. एकोणीस वर्षांची, बोलायला सरळ.

"ताता, हा मला नको."

"कोण, तेरियो? का गं? काय वाईट आहे?"

"वाईट आहे असं कुठे म्हणतेय मी? पण नको. माझ्याकडे असा बघतो की जणू मी त्याची हरवलेली वस्तू आहे आणि मीच ती चोरलीय. तुम्ही त्याला सांगा."

"सांगतो."

"कधी?"

"अगं, नांगरणी अर्ध्यावर आलीय. मधेच माणूस घालवला तर रान तसंच पडेल. एवढी नांगरणी होऊ दे."

इतांगने मान डोलावली. बापाचं म्हणणं तिलाही पटलं असावं. तिने आईच्याही कानावर घातलं. आई सेला म्हणाली, "ते सांगतील गं. तू नको मनाला लावून घेऊस." आणि सगळ्यांनी ती गोष्ट तिथेच ठेवली.

नांगरणी झाली, मग लावणी आली. लावणीनंतर इलारियोने छपराचं काम काढलं. जुनं गवत कुजलं होतं, दोन पावसांत गळलं असतं. तेरियोने एकट्याने कोगोन गवत कापलं, वाळवलं, शाकारलं. मग कापणी. मग कॉफीची तोडणी. तेरियो पहाटे होडी वल्हवत तळं पार करून यायचा आणि दिवस मावळायच्या आत परत जायचा. जेवायला शिडीखाली बसायचा. सेला त्याला भात आणि सुकी मासळी द्यायची, आणि वर ताटात माशाचा एक तुकडा जास्तीचा टाकायची, कारण तिच्याच्याने त्याच्या डोळ्यांकडे बघवत नसे.

शेजारचा कोमे म्हणजे इलारियोचा लहानपणापासूनचा दोस्त. तोंडाचा फटकळ. एकदा कुंपणावरून ओरडला, "इलारियो, तुझं नशीब मोठं रे! एक रेडा गवत खातो आणि एक भात खातो. पण नांगर ओढायला दुसराच बरा, काय?"

"हळू बोल, ऐकेल तो."

"ऐकू दे की. आंधळ्याला रस्ता दाखवणं पुण्याचं काम. देणार आहेस का पोर?"

"बघू," इलारियो म्हणाला. त्याच्या तोंडात हा शब्द आता कायमचा बसला होता.

इतांग दर दोन-तीन महिन्यांनी विचारायची. सुरुवातीला शांतपणे विचारायची, पुढे पुढे तिचा आवाज चिरायला लागला.

"ताता, सांगितलंत का?"

"सांगतो गं. भात घरात येऊ दे."

"मागच्या खेपेला छप्पर होऊ दे म्हणालात. त्याआधी लावणी. शेतातलं काम कधी संपतं का?"

"मला कंबर असती तर तुझ्या तोंडून हे ऐकायची वेळ आली नसती," इलारियो म्हणायचा. आणि मग पोरगी गप्प व्हायची. या एका वाक्यापुढे तिचं काही चालायचं नाही, हे त्याला ठाऊक होतं.

तेरियोनेही विचारलं होतं, एकदाच. रेड्याला तळ्यात धुताना, पाठ करून.

"मामा, इतांगचं मन काय म्हणतंय?"

आता सांगावं, असं इलारियोच्या जिभेवर आलं. पण समोर कॉफीची झाडं लाल फळांनी वाकली होती.

"पोरीची जात, तेरियो. मन वळायला वेळ लागतो. तू आपलं काम करत राहा."

तेरियोने वळून पाहिलं आणि तो हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला असेल. इलारियोने मान दुसरीकडे वळवली.

मे महिन्यात क्रुसाचा सण आला. मिरवणुकीत इतांग मैत्रिणींबरोबर होती. वाडीतला एक होडीवाला पोरगा काहीतरी विनोद करत होता आणि पोरी खिदळत होत्या, इतांगही. एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोराची होडी काठावर उपडी सापडली, तळाला डोकं जाईल एवढं भोक. कुणी केलं ते कळलं नाही. इलारियोला मात्र तेरियोच्या हातात तासणी दिसली होती, आणि तिच्या धारेला लागलेलं होडीचं काळं डांबर. तासणी घराचीच होती. इलारियोने ती पुसली आणि जागेवर ठेवून दिली.

त्या दिवशी तो घाबरला, हे खरं. पण घाबरलेला माणूस शहाणा होतोच असं नाही. आता नाही म्हटलं तर हा काय करेल, या भीतीने त्याने ते भिजत घोंगडं आणखी भिजत ठेवलं.

दुसरी कापणी झाल्यावर बाल्बिना तळं ओलांडून आली, रीतसर मागणी घालायला. बरोबर तिचे दोन दीर, बोलण्यात हुशार असा एक म्हातारा, भाजलेलं आख्खं डुक्कर, ताडीची दोन मडकी, विड्याचं तबक. तेरियोने धुतलेला सदरा घातला होता. सगळे घरात बांबूच्या तट्ट्यावर गोल बसले. म्हाताऱ्याने फुलाफुलांची भाषा लावली: तळ्याच्या त्या काठावर एक एकटं पाखरू आहे, या काठावर एक घरटं आहे, वगैरे. लोक हसले. कोमेही आला होता, डुकराच्या वासाने.

शेवटी म्हातारा इलारियोकडे वळला. "तर, दोन पावसाळे आमच्या पोराने तुमच्या अंगणातलं पाणी भरलं. आता तुमचा शब्द काय?"

इलारियोने तोंडातला विडा गालात सरकवला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. "मी जुना माणूस," तो म्हणाला, "पण जबरदस्ती करणारा बाप नाही. पोरीलाच विचारा ना."

तो एक शब्द दोन वर्षं त्याच्या गळ्यात अडकला होता, आणि त्याने तो पोरीच्या गळ्यात टाकला.

इतांग चुलीपाशी उभी होती. ती पुढे आली. विड्याचं तबक तिच्यासमोर ठेवलं होतं. त्यातला विडा उचलून तिने तेरियोला दिला असता तर होकार झाला असता. तिने तबकाला हात लावला नाही.

"मी नाही म्हणते," ती म्हणाली. "आणि आज नाही म्हणत. तेरियो आला त्या पहिल्याच महिन्यात मी ताताला सांगितलं होतं. दर खेपेला सांगितलं. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही का?"

बाल्बिनाने हळूच मान वर केली आणि इलारियोकडे पाहिलं. म्हाताऱ्याने पाहिलं. कोमेने पाहिलं. तेरियो मात्र इतांगकडेच बघत होता.

इलारियोला पुढे जन्मभर आठवत राहिलं की त्या क्षणी तो काही ठरवून बोलला नाही. अंगावर काठी येताना हात आपोआप वर जावा, तसे शब्द आले.

"मला असं काही सांगितलं नव्हतं तिने."

"ताता!"

"कधी बोललीस तू? पोरीच्या मनात आज एक, उद्या एक. माझ्यावर कशाला ढकलतेस?"

इतांगने आईकडे पाहिलं. सेला दाराच्या चौकटीला धरून उभी होती. चार पाहुण्यांपुढे नवऱ्याला खोटं पाडायचं, हे त्या बाईच्या हाडांत नव्हतं. तिने मान खाली घातली. इतांग शिडी उतरून मागच्या केळीत निघून गेली.

"हं," बाल्बिनाचा एक दीर म्हणाला, "दोन वर्षं माझ्या पुतण्याला गाढवासारखं राबवलं आणि वर तोंडाला पानं पुसली. शाबास पोरी."

"आजकालच्या पोरी," कोमे पुटपुटला. तो आपल्या मित्राचीच बाजू घेत होता.

तेरियो उठला. इलारियोपाशी येऊन वाकला, रिवाजाप्रमाणे त्याचा हात कपाळाला लावला. "तुमचा दोष नाही, मामा," तो म्हणाला. डुक्कर तसंच मागे ठेवून सगळे निघून गेले.

त्या रात्री इतांग जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही ती बापाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी इलारियो तिच्याजवळ जाऊन म्हणाला, "जाऊ दे ना, झालं ते झालं. सुटलीस की नाही?" तिने धुण्याची टोपली डोक्यावर घेतली आणि तळ्यावर गेली. तो तिचा शेवटचा दिवस.

बायकांनी नंतर सांगितलं ते असं. दहा वाजले असतील. पाच-सहा जणी गुडघाभर पाण्यात धुणं धूत होत्या. तेरियोची होडी आली. तो उतरला, सरळ इतांगपाशी गेला. हातात गवत कापायचा कोयता होता, पण तो तर नेहमीच असायचा, म्हणून कुणाला काही वाटलं नाही.

"दोन वर्षं हसत होतीस ना मला?" त्याने विचारलं.

"मी कधीच हसले नाही रे," इतांग म्हणाली. "तुला खरंच कुणी सांगितलं नाही?"

"आता बापालाही खोटं पाडतेस," तो म्हणाला. आणि त्याने कोयता उचलला.

आरडाओरड ऐकून इलारियो निघाला. वाकड्या कमरेने, काठी टेकत, मधे दोनदा पडत. तो पोचला तेव्हा बायकांनी पोरीला काठावर ओढून ठेवलं होतं आणि तिच्यावर कुणीतरी ओलं कापड घातलं होतं. तेरियो पळाला नव्हता. तो पाण्यात बसून होता, छातीपर्यंत, कोयता कुठेतरी सोडून दिलेला. इलारियोला बघून त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"मामा," तो म्हणाला, "तिने तुम्हालासुद्धा फसवलं हो."

इलारियो पोरीच्या उशाशी खाली बसला. तिचे केस ओले होते, वाळू लागलेली. तो वाळू झटकत राहिला. बायका रडत होत्या. त्याला वाटलं, आता बोलावं. आत्ता, इथे, मोठ्याने. पण घशातून आला तो नुसता एक आवाज, ओढल्या जाणाऱ्या दोरासारखा. मग शिपाई आले आणि तेरियोला दंडाला बांधून घेऊन गेले.

इतांगला पुरलं त्या दिवशी चर्चबाहेर बायका कुजबुजत होत्या. "गेली बिचारी, पण खेळ मांडला होता हो पोराचा." "दोन वर्षं म्हणे! बापाला पत्ता नाही." सेलाने ते ऐकलं. घरी येऊन तिने चूल पेटवली नाही.

"तुम्ही बोला," ती म्हणाली. "आता तरी बोला."

"बोलून ती परत येणार आहे?"

"तिचं नाव तरी येईल."

इलारियो पाद्रीकडे गेला. कबुलीच्या जाळीआड बसून सगळं सांगितलं. पाद्रीने जपमाळ ओढायला सांगितली आणि पापाची माफी दिली. ती घेऊन इलारियो बाहेर आला आणि वाटेत त्याच्या लक्षात आलं की आपल्या अंगावरचं एक केसभर ओझंही उतरलं नाही.

सात महिन्यांनी बटांगास शहरात खटला उभा राहिला. इलारियो आणि सेला दोन दिवस चालत गेली. न्यायाधीश स्पॅनिश, त्याला इथली भाषा येत नव्हती. शेजारी दुभाषा. तेरियोच्या बाजूने बोलणाऱ्या वकिलाने सांगितलं की पोरीने याला दोन वर्षं आशेला लावलं, घरादारापुढे अपमान केला, याचं भान सुटलं. दुभाषा ते भराभर इकडचं तिकडे करत होता. तेरियो बेड्या घालून बसला होता. खांदे गळले होते.

इलारियोला उभं केलं.

"मयत मुलीने आरोपीला आशा दाखवली होती का?" दुभाष्याने विचारलं.

मागे सेला बसली होती. इलारियोने वळून पाहिलं नाही, तरी तिची नजर त्याला पाठीवर जाणवत होती.

"नाही," तो म्हणाला. "पोरीने पहिल्या महिन्यातच नकार दिला होता. मला दिला होता. मी याला सांगितला नाही. माझं रान पडलं असतं. दोन वर्षं मीच लपवला. आणि मागणीच्या दिवशी ती खरं बोलली तेव्हा मी तिला चारचौघांत खोटं ठरवलं."

दुभाषा न्यायाधीशाकडे वळून चार-पाच शब्द बोलला. न्यायाधीशाने मान हलवली, कारकुनाने काहीतरी खरडलं, आणि पुढच्या साक्षीदाराचं नाव पुकारलं. बस्स. इलारियोने दोन वर्षं आणि सात महिने छातीवर वागवलेली गोष्ट त्या खोलीतून माशीसारखी निघून गेली.

पण तेरियोला दुभाष्याची गरज नव्हती. तो इलारियोकडे बघत राहिला. कळायला त्याला वेळ लागला. आधी कपाळावर आठी आली, मग ओठ हलायला लागले, मग बेड्या वाजल्या.

"मामा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "मग मी तुम्हाला मारायला हवं होतं."

"होय रे बाबा," इलारियो म्हणाला.

"ती पाण्यात उभी राहून मला तेच सांगत होती." तेरियोने आपल्या हातांकडे पाहिलं. "तेच सांगत होती हो!" आणि तो असा ओरडला की शिपायांनी त्याला ओढत बाहेर नेलं. भिंतीपलीकडून बराच वेळ तो आवाज येत राहिला.

शिक्षा मरणाची झाली. लेंटच्या उपासांआधी, शहराच्या चौकात, लोखंडी पट्ट्याने गळा आवळून. त्याने दयेचा अर्ज करू दिला नाही, असं म्हणतात.

खटल्याहून परतीच्या वाटेवर सेला तिच्या बहिणीच्या गावाच्या फाट्याशी थांबली.

"मी इकडे जाते," ती म्हणाली.

"कधी येशील?"

"तुमच्यावर नुसता राग असता तर आले असते," सेला म्हणाली. "पण मीही त्या दिवशी चौकटीला धरून उभीच होते ना? आपण दोघं एका घरात बसलो तर एकमेकांकडे बघायचं कसं?"

ती गेली. इलारियो एकटा वाडीत आला.

त्यानंतर तो जो भेटेल त्याला सांगायचा. चर्चच्या दारात, बाजाराच्या वाटेवर, झुंजीच्या मैदानाबाहेर. माझ्या पोरीने नाही म्हटलं होतं हो, मी लपवलं. लोक ऐकून घ्यायचे. त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. कुणी ताडीचा पेला पुढे करायचं.

"पुरे आता," कोमे एक दिवस म्हणाला. "बाप आहेस, मेलेल्या लेकीवर पांघरूण घालणारच. पण मी तिथे होतो ना? माझ्या कानांनी ऐकलं, तूच म्हणालास, तुला काही सांगितलं नव्हतं."

"मी खोटं बोललो होतो, कोमे!"

"असं म्हणतोस तर म्हण बाबा. मला वाईट नाही वाटत."

इलारियोने बरेच दिवस विचार केला. मग एका सकाळी एका होडीवाल्याला विनवून तो तळ्यापलीकडे गेला. बाल्बिना झोपडीसमोर जाळं विणत बसली होती. केस सगळे पांढरे झाले होते. त्याला ओळखूनही तिने हात थांबवले नाहीत.

"तुम्हाला सांगायला आलोय," तो म्हणाला. "इतांगने तुमच्या पोराला फसवलं नव्हतं."

"ठाऊक आहे मला. शेवटच्या भेटीत त्याने सांगितलं सगळं. रडत होता."

इलारियो वाळूत बसला. "मग तुम्ही लोकांना सांगा ना. तुमच्यावर विश्वास ठेवतील. तुम्ही त्याची आई. तुम्ही म्हणालात की पोरगी निर्दोष होती, तर कुणाला शंका उरणार नाही. मी तुमच्या पाया पडतो."

बाल्बिनाने सुतळी दातांनी तोडली.

"लोक माझ्या पोराविषयी काय बोलतात, ऐकलंय?" तिने विचारलं. "बिचारा तेरियो, म्हणतात. एका पोरीने त्याला वेडं केलं, म्हणतात. वाटेत भेटल्या तर बायका माझ्या हातात मूठभर तांदूळ ठेवतात. त्याच्या नावाने मेणबत्ती लावतात. मी खरं सांगितलं तर काय उरेल? एका निरपराध पोरीला कापणारा खाटीक. माझ्याकडे त्याचं दुसरं काही राहिलेलं नाही."

"आणि माझी पोर?"

"तुमच्या पोरीला सांभाळायला तुम्ही होतात," बाल्बिना म्हणाली.

तिने जाळ्याचं फाटकं टोक गुडघ्यावर ओढून घेतलं आणि पुढची गाठ मारायला घेतली. इलारियो तिथेच बसून राहिला. ऊन वर आलं, वाळू तापली. काठावरून होडीवाला हाका मारू लागला: "चला म्हातारबुवा, वारा उलटा फिरेल." तिसऱ्या हाकेला तो काठीवर भार देऊन उठला आणि पाण्याकडे चालू लागला.